शून्यावरची चौदा घरं

प्राची सावंतने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"परवा अकरा वाजता चौकशी आहे," ती म्हणाली. "मी जागेवर न जाता फॉर्म भरले, असा आरोप आहे. सिद्ध झाला तर काँट्रॅक्ट जाईल आणि पुन्हा कुठल्याच सरकारी कामाला मला घेणार नाहीत. मॅडम, मी प्रत्येक दारापर्यंत गेले होते."

कोपरखैरण्यात झेरॉक्सच्या दुकानावर अबोली भोईरची एक खोली होती. बाहेर 'खाजगी तपास' अशी पाटी होती आणि आत नंदकिशोर सबनीस होते. बँकेतून निवृत्त झालेले सबनीस तिचे अहवाल टाइप करत. आपल्यालाही तर्क जमतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती आणि अबोली ती मोडायच्या भानगडीत पडत नसे.

"तुमचं ते बेलापूरचं नवीन ऑफिस ना?" अबोलीने विचारलं.

"गृहपुरवठा कार्यालय. सहाच महिने झालेत." प्राचीने समजावलं. परवडणारी घरं वाढवायला राज्य सरकारने ते उघडलं होतं. नवीन घरं बांधायला वर्षं जातात, म्हणून आधी बांधून रिकामी पडलेली मोजायची. दोन वर्षांहून जास्त रिकामं घर सापडलं, की मालकाने ते ठरावीक भाड्यात कार्यालयाच्या यादीतल्या कुटुंबाला द्यायचं. मोजणीचं काम प्राचीकडे होतं.

"खांदेश्वरच्या सागरवेल सोसायटीत अठ्ठेचाळीस घरं. तीन आठवड्यांपूर्वी बुधवारी मी गेले. सगळ्या घरांत माणसं होती, मी तसं लिहिलं. आठवड्याने ऑफिसने वीजमीटरची यादी मागवली. चौदा मीटर दोन वर्षांहून जास्त काळ शून्यावर आहेत."

"शून्य म्हणजे अगदी शून्य?" सबनीस पुढे सरकले.

"एक युनिटसुद्धा नाही. आणि मी त्याच चौदा घरांत माणसांशी बोलले."

अबोलीला हे आवडलं. तिने खुर्ची जवळ ओढली. "मग मला त्या घरांबद्दल सांगा. फॉर्ममधलं नको, फॉर्मबाहेरचं सांगा. चहा कुठे मिळाला?"

प्राचीला प्रश्नाचं नवल वाटलं, तरी ती आठवू लागली. "चहा पुष्कळ घरांनी विचारला. पण या चौदा घरांत फक्त पाणी. दारं आधीच उघडी होती, त्यामुळे बेल वाजवायला लागली नाही. ऑक्टोबरचा उकाडा, मी घामाघूम, पण कुणी पंखा लावला नाही. तेव्हा वाटलं, असतो एकेकाचा स्वभाव."

"पाणी कशात दिलं?"

"स्टीलच्या ग्लासात. तीन-चार घरांत ग्लासावर एकच नाव कोरलेलं होतं. 'कै. अनसूयाबाई यांच्या स्मरणार्थ'. माझ्या आजीचं नाव अनसूया, म्हणून लक्षात राहिलं."

"सगळे एकाच गावचे असणार," सबनीसांनी निर्वाळा दिला. "गावाकडे अशी भांडी वाटतात."

"आणि माणसं?"

"साधी. बहुतेक बायका आणि लहान मुलं. एका बाईच्या टाचांच्या भेगांत पांढरं होतं, मला वाटलं रांगोळी काढत असेल. निघताना तिनं विचारलं, 'ताई, परत कधी येनार?' इतक्या आपुलकीनं कुणी विचारत नाही हो. सरकारी माणसाला लोक कटवतातच."

"बिल्डिंगचं नाव तुम्हाला आधी माहीत होतं?"

"नाही. त्याच सकाळी नऊला कळतं. आधीपासून कुणालाच सांगत नाहीत."

*

गृहपुरवठा कार्यालयात निशांत टिपणीस हा पर्यवेक्षक भेटला. मीटरची यादी त्यानेच काढली होती आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

"मुलगी चांगली आहे हो," तो म्हणाला. "पण मी माणसांवर विश्वास ठेवू की मीटरवर?"

"बिल्डिंगचं नाव आधी फुटू शकतं का?"

"शक्यच नाही. यादी माझ्या कपाटात असते, चावी माझ्याकडे." त्याने मोठ्या विश्वासाने यादी उघडून दाखवली. सोमवारी प्लॉट चौदा. मंगळवारी पंधरा. बुधवारी सोळा, म्हणजे सागरवेल.

"फारच शिस्तीत आहे," अबोली म्हणाली. निशांतला ती स्तुती वाटली.

बाहेर आल्यावर सबनीस कुजबुजले, "चावी याच्याकडे. म्हणजे फोडणारा हाच."

"फोडणाराच मग मीटर तपासून स्वतःचा डाव उधळेल का, काका?"

सबनीस लोकलचं वेळापत्रक वाचू लागले.

*

सागरवेलचे चेअरमन जयप्रकाश शेटे यांनी दोघांना सोफ्यावर बसवून कपबशीतून चहा दिला. भिंतीवर त्यांच्या आईचा हार घातलेला फोटो होता.

"ती चौदा घरं बाहेरच्या मालकांची, बंदच असतात," ते म्हणाले. "विमानतळामुळे भाव चढतायत, तर लोक थांबतात. त्यात गैर काय? ती मुलगी गेटवर बसून फॉर्म भरत होती, मी डोळ्यांनी पाहिलं. वर ती गेलीच नाही. तरुण पोरीचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही, पण विचारलं तर खरं सांगावं लागेल."

"घरांच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे. पाण्याची गळती वगैरे झाली तर लागतात."

समोरच्या दारात सुनीती ओक कुंड्यांना पाणी घालत होत्या. अबोलीने मोगऱ्याचं कौतुक केलं आणि पाच मिनिटांत बोलणं शेट्यांच्या आईवर येऊन पोचलं.

"अक्का फार प्रेमळ हो. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. शंभर ग्लास करून घेतलेत, गावच्या देवळाला द्यायला. अजून खोक्यात आहेत. मी एक मागितला, तर म्हणाले, देवळाआधी कुणालाच नाही."

"आणि तीन आठवड्यांपूर्वी बुधवारी सर्व्हेला मुलगी आली होती?"

"आली की. माझ्याकडे चहा घेऊन वर गेली."

सबनीसांनी हे वहीत दोनदा अधोरेखित केलं. बाकीचं त्यांनी लिहिलंच नाही.

*

रस्त्यापलीकडे नवा टॉवर उभा राहत होता. बांधकाम हरेश म्हात्रेचं. तो बोनकोड्याचा, अबोलीच्याच गावचा. एके काळी घरची भातशेती होती, आता तो बिल्डर झाला होता.

"आबोली, मना काय म्हाईत त्यांच्या रूमांचं?" तो हसला. "ती बिल्डिंग माझी नाय. मी विकतो, कोंडून ठेवीत नाय."

"सर्व्हे झाला त्या बुधवारी तुझं काम चालू होतं?"

"बंद ठेवलं. शेटे आदल्या दिवशी आलते. म्हनाले, उद्या घरी भजन हाय, आवाज नको. आतून भिंतींना पुट्टी मारायचं काम चाललंय, एक दिवसानं काय बिघडतं? सुट्टी दिली सगल्यांना."

गेटापाशी मजुरांच्या पत्र्याच्या शेडी होत्या. एक बाई दारात भांडी घासत होती. अबोली तिच्या पायांकडे बघून थांबली. मग तिने सबनीसांना पुढे पाठवलं आणि स्वतः त्या बाईशेजारी उकिडवी बसली.

*

चौकशीला उपसंचालक गीतांजली रेगे बसल्या होत्या. निशांत, प्राची आणि साक्षीला आलेले शेटे समोर होते. शेट्यांनी गेटची हकीगत पुन्हा सांगितली.

"मॅडम," अबोली म्हणाली, "मीटर खरे आहेत आणि प्राचीही खरी आहे. त्या घरांत कुणी राहत नाही. तरी त्या बुधवारी तिथे माणसं होती. वीज सुरूच केलेली नव्हती, म्हणून पंखे लागले नाहीत. बेल वाजणार नव्हती, म्हणून दारं आधीच उघडली. गॅस नव्हता, म्हणून चहा नाही. घरात जाऊन पाणी प्यायल्याशिवाय कुणाला हे कळेल?"

"माणसं आणली कुठून?" गीतांजलीबाईंनी विचारलं.

"समोरच्या टॉवरवरून. त्या दिवशी काम बंद होतं, मजूर मोकळे होते. टाचांतलं पांढरं रांगोळीचं नव्हतं, पुट्टीचं होतं. भिंत घासून उतरलेली पुट्टी भेगांत बसते. काम बंद करायला लावलं शेट्यांनी, भजनाचं सांगून."

"भजन होतंच," शेटे म्हणाले.

"तुमच्या समोरच्या दारात सुनीतीताई राहतात. काल मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी भजन ऐकलं नाही."

"पण नाव माझ्या कपाटातून फुटलं कसं?" निशांतने विचारलं.

"फुटलं नाही. सोमवारी चौदा, मंगळवारी पंधरा. बुधवारी सोळा येणार, हे रस्त्यावरून बघणाऱ्यालाही कळेल. तुमच्या कुलपाचा काही दोष नाही."

निशांतने यादीची फाइल हळूच पालथी ठेवली.

"हे सगळं हरेश म्हात्रेही करू शकला असता," सबनीस न राहवून म्हणाले.

"किल्ल्या त्याच्याकडे नव्हत्या, काका. आणि ग्लासही नव्हते. पाहुण्याला पाणी द्यायला चौदा घरांत एकही भांडं नव्हतं. घाईत शेट्यांनी घरातली खोकी फोडली. ते ग्लास अजून कुणालाच दिलेले नाहीत, सुनीतीताईंनी मागूनही त्यांना मिळाला नाही. मग त्याआधीच प्राचीने त्यांवरचं नाव वाचलं कसं? शेटेसाहेब, तुमच्या आईंचं नाव काय?"

"अनसूया," शेटे पुटपुटले.

"सोसायटीच्या नोंदीत चौदा घरं आहेत तुमच्या दोन भावांच्या आणि मेव्हण्याच्या नावावर," अबोली पुढे म्हणाली. "मीटरची यादी आली आणि डाव फसला. तेव्हा माणसं होती असं म्हणायची सोय उरली नाही. मग मुलगी खोटी ठरवणं सोपं पडलं."

"मजूर साक्ष देणार नाहीत," शेटे म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना उशिरा कळलं.

शेडीच्या दारात भांडी घासणाऱ्या गोजराबाई बाहेर बसल्या होत्या, त्या आत आल्या. पदर डोक्यावर, नजर जमिनीकडे. येण्यासाठी त्यांनी एका दिवसाची मजुरी सोडली होती आणि मुकादम पुन्हा कामावर घेईल की नाही याची त्यांना धास्ती होती. हरेशने शब्द दिला होता, पण शब्दावर किती भिस्त ठेवायची ते त्यांना ठाऊक होतं.

"व्हय. मीच दार उघडलं हुतं," त्या म्हणाल्या. "सायबांनी सांगितलं, ताई आली की म्हनायचं, आमी हितंच ऱ्हातो. ताई गेली की खाली उतरायचं."

"मग प्राचीला परत कधी येणार, असं का विचारलंत?" गीतांजलीबाईंचा आवाज मऊ झाला.

"त्या आल्या तरच घरात बसाय मिळनार हुतं." गोजराबाईंनी पदर सारखा केला. "पोरं त्या गार फरशीवर निजली हुती. उठवताना लई रडली. धाकटी म्हनली, आये, आपलंच हाय ना हे?"

प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. दोन आठवडे ती स्वतःच्या नोकरीसाठी झुरली होती, त्याची तिला आता लाज वाटली.

गीतांजलीबाईंनी आरोप मागे घेतल्याचं तिथेच लिहवून घेतलं. शेट्यांना बाहेर थांबायला सांगितलं, पोलिसांना फोन लावला आणि चौदा घरं भाडेयादीत टाकायचा आदेश काढला. "सोमवारपासून कामावर या," त्या प्राचीला म्हणाल्या. "प्लॉट सतरा."

"मॅडम, आधी शेडी मोजू?"

"आपल्या फॉर्मात शेडीला रकाना नाही. आपण फक्त इमारती मोजतो."

"म्हणून यांचं नाव घर मागणाऱ्यांच्या यादीतही नाही," प्राची म्हणाली. "ज्यांना घर नाही, ते आपल्या मोजणीत येतच नाहीत."

गीतांजलीबाईंनी एक कोरा फॉर्म पुढे ओढला. मग त्यांनी 'इमारतीचे नाव' या शब्दांवर पेनाने काट मारली, कागद प्राचीकडे सरकवला आणि गोजराबाईंना बसायला खुर्ची दिली.

प्राचीने पेन उघडलं. "घरात माणसं किती?"

"पाच," गोजराबाई म्हणाल्या, आणि एकेकाचं नाव सावकाश सांगू लागल्या.