शेवटच्या माणसाची खूण

खंडेराव हवालदार खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणजे, एकदा सोडून. गोष्ट त्या एकदाची आहे, आणि ती त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली आहे. खरी की खोटी, ते उद्या उजेडात ठरवा. आत्ता कुणी मध्ये उठू नका, आणि तो कंदील जरा बारीक करा.

साल एकोणीसशे त्रेसष्ट. फेब्रुवारीची तेवीस तारीख, शनिवार, त्यात अमावास्या. संध्याकाळच्या गाडीनं खंडेराव बोईसरला उतरला. हातात लहानशी पत्र्याची पेटी. पाम गावच्या सोमीचा एकुलता एक मुलगा, बुधा, खंडेरावाच्या तुकडीत होता. चीनच्या लढाईत, माघारीच्या वाटेवर, तो बर्फात राहिला. सरकारी कागदावर 'बेपत्ता'. त्याचे कपडे, कंगवा आणि एक फोटो आईच्या हाती द्यायचा, एवढंच काम.

एवढंच नव्हतं. नव्या पोरांची मनं घट्ट करण्यात खंडेरावाचा हात धरणारं पलटणीत कुणी नव्हतं. भित्र्या पोरांना तो रात्र रात्र मसणात बसवायचा. पण माघारीहून परतल्यापासून त्याचाच डोळा लागेना. एक मार्चला नवे रंगरूट हाती येणार होते. पलटणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, "पोटात दाबून ठेवलंयस ते ज्याचं त्याला सांगून ये. नाहीतर तू गेलास."

पाम म्हटल्यावर स्टेशनाबाहेरचा टांगेवाला विश्राम पेटीकडे बघून हसला. "पामला? आज? माजा घोडा नाय येयाचा."

"घोडा भितो की तू?"

"आमी दोगं बी. तुमी लढाईवरनं आलाव ना? मंग जा की चालत."

खंडेराव चालत गेला. घर सापडायला रात्रीचे अकरा वाजून गेले.

सोमीनं पेटी घेतली, उघडली नाही. त्याला बसही म्हणाली नाही.

"तू व्हतास त्याच्यासंगं?"

"होय, आई."

"मला आई म्हणू नको. शेवटाला काय झालं ते सांग."

खरं सांगायचंच ठरवून तो आला होता. शब्द गाडीतच जुळवून ठेवले होते. पण तोंडातून निघालं ते पलटणीत कागदावर लिहून दिलेलंच. "शेवटपर्यंत माझ्या मागं होता. खूण देत होता. मग वादळ आलं..."

"आनि तू बरा आलास," ती म्हणाली. "जा."

ही खूण काय ते समजून घ्या. शत्रूच्या तोंडाशी रात्रीचं चालताना बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. दर शंभर पावलांवर शेवटचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, तो त्याच्या पुढच्याच्या. असा हात पहिल्यापर्यंत पोचला, की सगळे आहेत. नाही पोचला, की थांबायचं. खंडेरावानं हे शेकडो पोरांकडून घोटून घेतलं होतं. त्या माघारीत नऊजणांचे दोघं उरले. पुढं खंडेराव, मागं बुधा. आणि एकदा हात पडला नाही.

खंडेराव थांबला नव्हता.

पामहून तो निघाला तेव्हा पावणेबारा झाले होते. पहाटेची गाडी धरायची होती. मिठागराजवळची मोरी ओलांडली. पुढं ताडांची रांग. वारा अजिबात नाही. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

उजव्या खांद्यावर हात पडला.

खंडेराव थिजला नाही. सवयीचे पाय, ते चालत राहिले. हात थंड होता. सदऱ्यातून हाडापर्यंत थंड.

शंभर पावलं.

पुन्हा हात. आता जड.

मागं पाऊल वाजत नव्हतं. श्वास नव्हता. फक्त दर शंभराला तो हात. प्रत्येक वेळी बोटं जास्त रुतत होती. खंडेरावाच्या तोंडून "बुधा..." एवढंच निघालं.

तो पावलं मोजत राहिला.

अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. शंभर.

हात पडला नाही.

एकशे दहा. एकशे वीस...

काहीच नाही.

पाय म्हणत होते, पळ. स्टेशनचा दिवा लांबवर दिसत होता. त्या माघारीतही असंच काहीतरी पुढं दिसत होतं. पळाला असता तर सुटला असता, असं तो पुढं म्हणायचा.

तो थांबला. वळला.

रस्ता रिकामा. काळोख. तो पामकडे परत चालू लागला. शंभर पावलं झाली. उलट वाटेवर आता शेवटचा माणूस तोच होता. त्यानं हात उचलला, नियमानं, समोर अंधारात पुढं केला.

हात खांद्यावर टेकला.

ओल्या लोकरीचा डगला. आत नुसती हाडं.

तो खांदा पुढं सरकत राहिला. हा मागं. दाराशी आल्यावर हाताखाली काही उरलं नाही.

कडी वाजवायच्या आधीच सोमीनं दार उघडलं.

"खूण आली नव्हती," खंडेराव म्हणाला. "मला कळलं होतं."

"काय कळलं?"

"की तो पडला. जिवंत असेल... मी थांबलो नाही. भ्यालो."

ती रडली नाही. त्याच्या खांद्यावरून मागं, अंगणातल्या काळोखात, बराच वेळ बघत राहिली.

"मंग आता थांब," ती म्हणाली. "तितंच."

आणि दार लावून घेतलं.

उजाडेपर्यंत त्या अंगणात काय झालं, ते खंडेरावानं कुणाला सांगितलं नाही. एक मार्चला तो कामावर हजर झाला. रात्री त्याचा डोळा लागू लागला होता. पोरांना मसणात बसवणं मात्र त्यानं कायमचं बंद केलं.

पण अंगणातल्या त्या रात्रीनंतर सकाळी शेजारचा नवशा शेतावर निघाला होता, त्यानं पाहिलं. अंगणात हवालदार ताठ उभा. सोमीच्या दाराबाहेर पाण्याचं मडकं असायचं, ते फुटलं होतं. खापऱ्या चहूकडे पडलेल्या. पाणी सांडलं नव्हतं. मडक्याच्याच आकाराचं, पांढरं, कडक... तसंच उभं होतं.

ऊन चढलं. दहा वाजले. गाव भोवती गोळा झालं होतं.

एक थेंब गळला नव्हता.