लाल आकड्यांचं घड्याळ

दुकानाची पायरी चढण्याआधी वहिनींनी पर्स उघडून दोरा आहे ना, ते पुन्हा एकदा पाहिलं. निळा, दुहेरी, शिवणाचा दोरा. सकाळी तो त्यांनी सरांच्या डाव्या मनगटाभोवती फिरवला होता आणि टोकं जुळली तिथे गाठ मारून ठेवली होती. लोकांचे कपडे मापात बसवून देणं हेच वहिनींचं काम, त्यामुळे आधी हातात टेपच आला होता. पण टेप बघून सरांनी तोंड फिरवलं होतं. "टेप नको. आकडा कळला की डोक्यात बसतो."

गल्लीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला सर. सर शाळेत खेळाचे शिक्षक होते. गळ्यात शिट्टी, डाव्या हातावर बशीएवढं घड्याळ. पोरं धावायला सुटली की खट्, पोहोचली की खट्. मागच्या वर्षी एका सकाळी दात घासता घासता ते खाली बसले ते बसलेच. पक्षाघात. हळूहळू बोलणं परत आलं, काठी घेऊन पायही चालू लागले. डावा हात मात्र गेला तो गेलाच. अंथरुणावर शेजारी पडून असायचा, कुणी पाहुणा विसरून गेलेल्या वस्तूसारखा. मनगट इतकं वाळलं की जुनं घड्याळ पार कोपरापर्यंत घसरायचं.

आणि आता सरांनी हट्ट धरला होता. घड्याळ हवं. आकारानं लहान, स्टॉपवॉचचा काटा असलेलं, ऑटोमॅटिक. "नवीन नको, हल्ली सगळी ढब्बू करतात. वापरलेल्यातलंच बघ. जुनी घड्याळं अंगानं आटोपशीर असायची."

"पण ऑटोमॅटिकच कशाला?" वहिनींनी विचारलं होतं.

"त्याला सेल लागत नाही, चावीही द्यावी लागत नाही. हात हलला की चालतं, हात पडून राहिला की दीडेक दिवसात थांबतं. ते या हातावर बांधायचं." सरांनी उजव्या हातानं डावा उचलून मांडीवर घेतला. "डॉक्टर काय म्हणतात, ती व्यायामवाली मुलगी काय म्हणते, मला ऐकायचं नाही. ज्या दिवशी घड्याळ थांबणार नाही, त्या दिवशी हात आला म्हणायचं."

"बरं, आणते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

दुकान अरुंद होतं. तेलाचा आणि जुन्या चामड्याचा वास. सोबतीला धाकटी नणंद होती. ती कुठेही गेली तरी तोंड बंद ठेवणारी नव्हती. घड्याळवाल्यानं डोळ्यावरचं भिंग कपाळावर सारलं, मागणी ऐकून घेतली आणि एक पसरट ड्रॉवर काढून समोर ठेवला. आत काळ्या मखमलीवर घड्याळं ओळीनं निजली होती. प्रत्येक आपापल्या वेळेला थांबलेलं.

"एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही की," नणंद म्हणाली. "आमच्या घरासारखंच."

घड्याळवाला हसला. "पडून असली की थांबतात. कुणाच्या हातावर गेली की उठतात."

वहिनी दोऱ्याचं कडं एकेका पट्ट्यावर धरून बघू लागल्या. पहिलं सुबक होतं, पण तबकडी मोठी. "हे दादाच्या हातावर नाही, भिंतीवर शोभेल," नणंद म्हणाली. दुसरं लहान होतं, पण बाजूची बटणं घट्ट. एका हाताच्या माणसाला ती दाबताना त्रास होईल, असं वहिनींच्या मनात आलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं बाजूला ठेवलं.

"कुणासाठी घेताय?" घड्याळवाल्यानं विचारलं.

"मिस्टरांसाठी."

"हात कामाचा आहे ना त्यांचा? बैठा माणूस असेल तर ऑटोमॅटिक घेऊ नका. सारखं थांबेल आणि मला शिव्या द्याल."

नणंदेनं तोंड उघडलं. वहिनींनी काउंटरखाली तिच्या पायावर पाय दिला. परक्या माणसाची कीव त्यांना नको होती. वर्षभर त्यांनी ती पोटभर खाल्ली होती.

"कामाचा आहे," वहिनी म्हणाल्या. "भरपूर हलतो."

तेवढ्यात आत फोन वाजला आणि घड्याळवाला उठून गेला. वहिनी पुन्हा ड्रॉवरवर वाकल्या. कोपऱ्यात एक घड्याळ होतं, बारीकसं, दुधाच्या सायीसारखी तबकडी. कडेनं लाल रंगात नाजूक आकड्यांचं कडं. त्यांनी ते उचलून कानाशी धरलं. टिकटिकत होतं. किती बारीक आवाज... झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखा. निळा दोरा पट्ट्यावर ठेवला तर जणू मापून शिवलेलं.

"हे चालू आहे बघ," नणंद म्हणाली. "म्हणजे तब्येतीनं ठणठणीत. हेच घे."

घड्याळ कानाशी तसंच धरून वहिनी पुटपुटल्या, "त्या हातात जीव येऊ दे रे बाबा. कुठूनही येऊ दे."

घड्याळवाला परत आला, चालणाऱ्या काट्याकडे पाहून मान डोलावली. "छान निवडलंत. हे लाल आकडे आहेत ना, ते नाडीचे. दवाखान्यातली माणसं वापरायची असली घड्याळं. पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवायची, बटण दाबायचं, तीस ठोके मोजायचे, पुन्हा दाबायचं. स्टॉपवॉचचा मोठा काटा ज्या आकड्यावर थांबेल ती नाडी. जितकी नाडी मंद तितका काटा लांब जाणार."

"आता दादा आमची नाडी बघत बसणार!" नणंद म्हणाली, आणि तिघंही हसली.

घरी आल्यावर वहिनींनी सरांच्या मनगटावर ते बांधलं. सरांनी हात उशीवर ठेवायला लावला आणि नवस बोललेल्या माणसासारखे त्याच्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी काटे फिरत होते. ते फिरणारच, वहिनी स्वतःला समजावत होत्या, दुकानातून भरून आलेलं आहे. तिसऱ्या दिवशीही फिरत होते. त्यानंतरही. सरांनी वहिनींना हाक मारली. खेळाचा मास्तर, पोरांचे गुडघे फुटले तरी "ऊठ, पळ" म्हणणारा माणूस, उशीत तोंड घालून रडला.

व्यायाम करून घेणारी मुलगी आली. तिनं हाताची बोटं दाबून पाहिली, कोपर वाकवून सोडून दिलं. हात पिशवीसारखा खाली पडला.

"काका, मी खोटं नाही सांगणार. अजून काही नाही."

"मग हे कसं चालतं?" सरांनी विचारलं.

मुलीनं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी खांदे उडवले. त्यांना स्वतःलाच काही उमगत नव्हतं. आनंद करावा तर कशाचा, आणि काळजी करावी तर तीही कशाची?

संध्याकाळी त्यांनी नणंदेला फोन लावला. "दुकानात ते घड्याळ तू हलवून चालू केलं होतंस ना गं?"

"मी? मी हातसुद्धा लावला नाही. मला वाटलं तू."

"मी उचललं तेव्हा चालूच होतं."

"मग त्या घड्याळवाल्यानं केलं असेल. एवढं काय त्यात!"

दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी सरांच्या हातावरून घड्याळ काढून वहिनी दुकानात गेल्या. घड्याळवाल्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "माझ्या ड्रॉवरमध्ये चालू घड्याळ कधीच नसतं, बाई. मी फोनवरून आलो तर तुमच्या हातात चालू दिसलं. मला वाटलं, तुम्हीच हलवलंत." मग त्यानं मागचं झाकण उघडलं आणि भिंग डोळ्यावर ओढलं. आतली अर्ध्या चंद्रासारखी चकती त्यानं काडीनं ढकलून बघितली. "काही बिघाड नाही. स्प्रिंग गच्च भरली आहे. याला दिवसभर हालचाल मिळते आहे. तुम्ही म्हणालात तसंच, हात कामाचा दिसतो."

खोटं आपणच बोललो होतो, आता कोणत्या तोंडानं विचारणार? घड्याळ पर्समध्ये ठेवून वहिनी घरी आल्या. वाटेत आपल्याच अंगावर कुणीतरी वाकून चालतंय असं त्यांना दोनदा वाटलं, पण उन्हं चढली होती आणि रस्ता भरलेला होता.

त्याच दुपारी ते घडलं. सर जेवून, घड्याळ पुन्हा हातावर बांधून घेऊन झोपले होते. वहिनी पलंगाशेजारी खुर्ची ओढून एका शाळेच्या स्कर्टची पट्टी उसवत बसल्या होत्या. खिडकीतून ऊन येत होतं. मध्येच थांबून डावा हात त्यांनी सहज गादीच्या कडेवर टेकवला होता.

मनगटावर काहीतरी गार टेकलं.

दोन बोटं. आधी हलकी, मग जरा दाबून. बरोबर त्या जागी, जिथे आत काहीतरी उडत असतं. वहिनींनी श्वास रोखला. सरांचा डावा हात होता. वर्षभर न हललेला हात वळून त्यांच्या मनगटावर आला होता. आणि सर... सर घोरत होते. उजवा हात उशीखाली दबलेला.

खट्.

घड्याळाचं बटण आत गेलं आणि वर आलं. दाबणारं बोट मात्र कुठेच नव्हतं.

मोठा काटा निघाला. लाल आकड्यांवरून सरकत गेला. पुन्हा खट्, काटा थांबला. बोटांनी वहिनींचं मनगट हळूच सोडलं आणि हात चादरीवर पालथा पडला. तसाच, पूर्वीसारखा.

"अहो! अहो, उठा!"

सर दचकून जागे झाले. वहिनींनी रडत हसत सांगितलं. सरांनी हाताकडे पाहिलं, सगळं बळ एकवटलं, कपाळावरची शीर ताठ झाली. एक बोट हललं नाही.

"माझी चेष्टा करतेस?" ते अगदी हळू म्हणाले.

वहिनी पुन्हा त्याविषयी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दुपारी सरांचा डोळा लागल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या आणि हात गादीच्या कडेवर ठेवला. भीती वाटत नव्हती असं नाही. पण हात हलत होता ना? कशानं का होईना, हलत होता. बोटं आली. खट्. खट्. रोजच येऊ लागली. काळजी घेणाऱ्या माणसाची बोटं होती ती, ओढाताण नाही, घाई नाही. एवढंच, की मोठा काटा रोज थोडा पुढे जाऊन थांबू लागला. वहिनी पाहायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. त्यांना काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. सुई ओवताना दोरा चुकायचा, भर उन्हात स्वेटर घालावासा वाटायचा, गल्लीतल्या बायका हाकेला ओ द्यायला उशीर करायच्या. वय झालं, दुसरं काय.

आणि एके दिवशी व्यायामवाली मुलगी ओरडली, "काका! अंगठा! पुन्हा करा!"

सरांनी पुन्हा केलं. जागेपणी, स्वतःच्या मनानं. मग बोटं आली, मग मनगट. मुलगी म्हणाली, असं तिनं कधी पाहिलं नाही, हात कसा उबदार लागतोय बघा. निळा दोरा सरांच्या मनगटाला आता पुरत नव्हता. वहिनींनी तो गंमत म्हणून स्वतःच्या मनगटाभोवती फिरवला. सैल झाला. त्यांनी तो घाईघाईनं डब्यात टाकला.

रविवारी सकाळी नणंद पेढ्यांचा पुडा घेऊन आली. "दादा, टाळी दे!" सरांनी डाव्या हातानं खणखणीत टाळी दिली. नणंद हसत, डोळे पुसत चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली.

खोलीत दोघंच उरली. सरांनी वहिनींना जवळ बसवलं.

"तुझ्यामुळे झालं हं सगळं," ते म्हणाले. "तू निवडलंस म्हणून."

त्यांनी प्रेमानं डाव्या हातानं वहिनींचा हात हातात घेतला. अंगठा त्यांच्या पंजावरून फिरला आणि थांबला. मग बोटं सरकली. मनगटावर आली, टेकली.

खट्.

सरांचं लक्ष नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत मैदानावर कधी जायचं ते सांगत होते. काटा लाल आकड्यांवरून निघाला. शेवटच्या आकड्यापाशी आला, तो ओलांडून गेला, आणि थांबला नाही. पूर्ण फेरी मारून पुन्हा निघाला. वहिनींच्या मनगटावरची बोटं उचलली गेली, थोडी बाजूला टेकली. दाबली. पुन्हा उचलली, अंगठ्याच्या मुळाशी टेकली, आणखी दाबली. शोधणाऱ्याची बोटं...

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मी इथेच आहे ना?"

सर मैदानाबद्दल बोलत राहिले.

खट्. काटा थांबला. मग त्या हातानं वहिनींचा हात अलगद उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवला. मुडपलेली बोटं एकेक करून सरळ केली, पदराची घडी नीट केली. दुसरं बटण आत गेलं आणि काटा शून्यावर परत आला.

स्वयंपाकघरातून कपांचा आवाज आला. "वहिनी, तुला साखर घालू ना?" नणंदेनं विचारलं.

"घाल," वहिनी म्हणाल्या. चांगलं मोठ्यानं म्हणाल्या.

"वहिनी?" आतून पुन्हा आवाज आला. "अगं वहिनी, साखर घालू ना?"