डिझेलच्या आवाजात

तोरुन गेली सहा वर्षं फेरीबोटीच्या स्वयंपाकघरात मोकळ्या गळ्याने गात होती आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली डिझेल इंजिनाची धडधडच अशी, की शेजारी उभा असलेला माणूसही नुसते ओठ हलवताना दिसे.

मग विजेवर चालणारी नवी बोट आली. पहिल्याच सकाळी ती स्कावीक गावाच्या धक्क्याला लागली, तोरुनने तव्यावरचं स्वेले उलटलं आणि सवयीने वरचा सूर लावला. स्वेले म्हणजे जाडसर गोड धिरडं. त्याच्याशिवाय फ्योर्डची खाडी ओलांडणं म्हणजे तिथल्या लोकांना फेरी फुकट गेल्यासारखं वाटतं. खिडकीखाली केशरी जाकीट घातलेला एक तरुण चार्जरची जाड केबल हातात धरून वर बघत होता. त्याच्या मागे उभ्या गाड्यांच्या काचा एकेक करून खाली येत होत्या.

तोरुन गप्प झाली.

"थांबलीस का?" त्याने विचारलं.

"तू तुझं काम कर."

"करतोय की. गावाची वीज तोकडी आहे, बॅटरी भरायला वेळ लागतो. तोवर..."

"तोवर खायला ये. ऐकायला येऊ नकोस."

तो आला. नाव गाउते, कंत्राटावर आलेला इलेक्ट्रिशियन. बॅटरी भरेपर्यंत बोट खोळंबे आणि तो रोज काउंटरला टेकून स्वेले खाई. बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नाही. तोरुन पुन्हा गायलीही नाही. पण बोट धक्क्याजवळ आली की ती केस नीट करू लागली, हे कॅप्टन ओमुनच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

पानगळ सुरू झाली आणि मोठ्या चार्जरचं सामान आलं. तो बसला की बॅटरी भराभर भरणार, आणि गाउते उत्तरेच्या पुढच्या धक्क्यावर जाणार. तो बसवेपर्यंत धक्क्यावरची वीज बंद, म्हणून जुनी डिझेल बोट परत पाण्यात आली. आठवड्याचं काम, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

आठवडा झाला, दुसराही सरला. चार्जरमध्ये काहीतरी बिघाड होता म्हणे. गाउते सारखा पलीकडच्या काठावर जाई, कधी स्क्रू आणायला, कधी तो परत करायला. पुन्हा धडधड, पुन्हा धूर. लोक काउंटरवर ओठ हलवत आणि तोरुन बरोबर हवं ते पुढे करी. त्यात गाउतेला काही नवल वाटलं नाही.

एका ओल्या दुपारी काउंटरपाशी दोघंच होती. काचेवरून पाणी ओघळत होतं, खाली इंजिन कानठळ्या बसवत होतं. गाउते कॉफीचा कप धरून तिच्याकडे बघत राहिला... आणि बोलू लागला. साध्या आवाजात, जो त्याचा त्यालाही ऐकू आला नसेल.

"बिघाड वगैरे काही नाही. चार्जर कधीचाच तयार आहे. तो सुरू केला की मला जावं लागेल, आणि मला... मला तू आवडतेस, तोरुन. हा सगळा धूर माझ्यामुळे चाललाय."

तोरुनने त्याच्यापुढे साखर सरकवली.

बोट लागली तेव्हा ती त्याच्यामागून धक्क्यावर उतरली.

"माझी आई रोज चादरींवरची काजळी झटकते," ती म्हणाली. "तुझ्या नावाने बोटं मोडत."

गाउते जागीच थबकला. "तुला... ऐकू आलं?"

"त्या गोंगाटात? सहा वर्षं काढलीत तिथे. ओठ वाचते मी."

तो कानापर्यंत लाल झाला.

"उद्या चार्जर सुरू कर. आणि हेच मला शांततेत सांग."

"सगळे ऐकतील गं!"

"माझं गाणं नव्हतं ऐकलं सगळ्यांनी?"

त्या रात्री तोरुनला झोप आली नाही. आपल्यासाठी कुणी टाक्यांमागून टाक्या डिझेल जाळलं, याचा तिला राग आला होता. आनंदही झाला होता, आणि त्या आनंदाची लाज वाटत होती. उद्या तो न बोलताच गाडीत बसून निघून जाईल, याची भीती मात्र सगळ्यांत मोठी होती.

सकाळी विजेची बोट आवाज न करता धक्क्याला लागली. गाउतेची गाडी हत्यारांनी भरून तयार उभी होती. तो ती तशीच उघडी टाकून धावत वर आला.

"कॉफी?" तोरुनने विचारलं.

"नको. म्हणजे हवी, पण आधी... मला तू आवडतेस. मी चार्जर मुद्दाम रखडवला, ते चुकलं. पुन्हा असं करणार नाही. पुन्हा वेळ आली तर सरळ विचारीन."

टेबलांवरच्या प्रवाशांपैकी कुणी मान वर केली नाही, पण एकाही कपातला चमचा हलेना. मग कोपऱ्यातली विणकाम करणारी म्हातारी म्हणाली, "म्हणजे आम्ही काजळी खाल्ली ती याच्या प्रेमापायी?"

"तूही मला आवडतोस," तोरुन म्हणाली. "खिडकीखाली दिसलास तेव्हापासून."

गाउते हसला, मग त्याला गाडी आठवली आणि तो दाराकडे धावला. धक्का केव्हाच मागे पडला होता. उघड्या गाडीतल्या रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या पाण्यावरून बारीक ऐकू येत होत्या.

"सुटली? मला कळलंसुद्धा नाही!"

"हिचा आवाज नसतो. आणि बॅटरी आता भराभर भरते. तूच केलंस ना हे?"

"आणि उत्तरेचं काम?"

"ते कर. तिथेही कुणाच्या तरी आईच्या चादरी असतील." तिने त्याच्या जाकिटाची कॉलर सरळ केली. "पण रखडवू नकोस. काम झालं की थेट इकडे ये."

"येईन."

तोरुन आत गेली. तव्यावरचं स्वेले एका बाजूने करपलं होतं. तिने ते उलटलं, खिडकी उघडली आणि सगळ्या बोटीला ऐकू जाईल असं गाऊ लागली.