देवमाशाचं डोकं कुणी कोरलं?

तुम्ही खोटं बोलता, पार्कच्या ऑफिसवाल्यांनो.

वाटेवरच्या फलकावर तुम्ही लिहिलंय, 'पुरातन कोरीवकाम, जसंच्या तसं.'

जसंच्या तसं नाही. त्यावर छिन्नी चाललीय. मीच चालवलीय.

हे खरं घडलंय. सिडनीच्या उत्तरेला, नदीवरच्या पठारावर, जूनमधल्या एका दुपारी. रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

तिथल्या सपाट खडकावर आमच्या, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींच्या, पूर्वजांनी कोरलेला देवमासा आहे. रेघा पुसट झालेल्या. फिरायला येणाऱ्यांच्या फोटोत उठत नाहीत, म्हणून तुमच्या साहेबांनी त्या खोल करायला सांगितल्या. मी रोजंदारीवर वाटा साफ करणारा.

"तू त्यांच्यातलाच," साहेब म्हणाले. "तू हात लावलास तर कोण बोंबलणार? कायम करून टाकतो तुला."

त्या खडकावर पाय ठेवण्याआधी आम्ही मोठ्याने सांगतो, मी कोण, कुणाचा. साहेब शेजारी सँडविच खात उभे होते. मला लाज वाटली.

ते गेले. तरी मी गप्पच.

शेपटीकडून सुरुवात केली. ठक... ठक...

काकाकुवांचा कलकलाट एकदम थांबला.

मग डोक्याच्या बाजूने... खर्र... खर्र...

दगडावर दगड घासल्यासारखं.

मी हात थांबवला.

तेही थांबलं... पण जरा उशिरा.

अर्धं काम टाकून मी पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लीआत्या मला तिथे घेऊन गेली. माझ्या बापाची थोरली बहीण. खडकावर ठोकाठोक झाल्याचं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. तिने मोठ्याने स्वतःचं नाव सांगितलं, माझंही सांगितलं. मग रेघेवर बाटलीतलं पाणी ओतलं.

अख्खा देवमासा उठून दिसला. डोक्यासकट. ताजा कोरलेला.

डोक्याकडे मी गेलोच नव्हतो.

आत्या बोटं फिरवत राहिली. "इकडे दगडाने ठोकून घासलंय. जुना हात आहे हा. असं कोरणारं आता कुणी जिवंत नाही. शेपटीची मात्र वाट लावलीय. कुणी रे?"

"ऑफिसची माणसं असतील," मी म्हणालो.

सख्ख्या आत्याला.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यामागे बघत होती...

"मग तो तुझ्याकडे का बोट दाखवतोय?"

मी वळून बघितलं नाही.

तेव्हापासून आत्या भावकीतल्या सगळ्यांना जुन्या जागांवर नेते. मला नेत नाही. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तोंडाने होत नाही, म्हणून इथे लिहितोय.

वाटेवर खडकाकडे तोंड केलेला तुमचा कॅमेरा आहे. त्या संध्याकाळचं चित्रण तुमच्या साहेबांनी बघितलं आणि ते पुन्हा पठारावर फिरकले नाहीत. मला मात्र महिन्याभरात कायम केलं.

मी पळाल्यावर खडकावर कोण होतं?

लेखी उत्तर द्या.