नीरनायला परवानगी आहे का?

पटत नसेल तर सोडून द्या. पण सुदेवन थापा मारत नाही. तेवढी कल्पनाशक्तीच नाही त्याच्याकडे.

रात्र नव्हती. केरळातल्या आलप्पुळातली भर दुपार, तीही हरताळाची. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्याचा थोरला भाऊ दिनेशन गेल्या पावसाळ्यात घरामागच्या कायलात, म्हणजे खाडीच्या पाण्यात, बुडाला. होडी सापडली, तो सापडला. लॅपटॉपची पिशवी तेवढी नाही सापडली.

घरी त्याचा लिनक्सवाला कॉम्प्युटर उरला. आईचे सगळे फोटो त्यातच. दुसरी प्रत कुठेच नाही, कारण क्लाउडचं नाव काढलं की दिनेशन भडकायचा. "आपली आई परक्याच्या घरी ठेवायची?"

आता त्याची डिस्क कडकडायला लागली होती. नवी आणावी तर दुकानं बंद.

"आजच चढव सगळं क्लाउडवर," लतिकाचेची, त्याची भावजय, स्वयंपाकघरातून म्हणाली. "बंगळूरला मोठा इंजिनियर ना तू?"

"होतंय, चेची."

"तुझ्या भावाचं एका चहात झालं असतं."

दिनेशनच्या जुन्या सेटिंग्ज सुदेवनने आहेत तशाच उचलल्या. लिनक्सवाले नवीन काही लिहीत नाहीत. जुनं उचलतात आणि वर मिरवतात. जोडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर आता एकच फोल्डर राहणार होतं. एकीकडे भर पडली की सगळीकडे भर. एकीकडे पुसलं की सगळीकडे साफ.

फोटो चढू लागले.

मग पडद्यावर एक चौकट आली...

'नीरनाय जोडणी मागत आहे. परवानगी आहे?'

त्याने 'हो' दाबलं. आपण सगळेच दाबतो.

"आधी वाच, मग दाब!" दिनेशन जन्मभर ओरडत राहिला होता.

सुदेवनने नंतर वाचलं. नीरनाय म्हणजे पाणमांजर. दिनेशन प्रत्येक कॉम्प्युटरचं बारसं करायचा.

"चेची, नीरनाय कुठला?"

आतलं खोबरं खवणं थांबलं...

"लॅपटॉप. त्या पिशवीतला."

कोणीतरी ढापला असणार, सुदेवनने स्वतःला समजावलं. चोरही हल्ली लिनक्स वापरत असतील.

तेवढ्यात एक फोटो पुसला गेला.

मग दुसरा...

मुंज. ओणमची पंगत. आईच्या मांडीवरचं बाळ.

आई एकटी होती ते फोटो राहिले. दिनेशनचे राहिले.

ज्यात सुदेवन होता, तेवढेच जात होते.

त्याने इंटरनेटची वायर उपटली.

पुसणं थांबलं नाही.

वायर त्याच्या हातात होती... आणि ओली होती.

"काय केलंस रे मेल्या?" चेची दारात उभी होती.

"मी नाही!"

"मग कोण? तुझा भाऊ?"

मागे कायलात काहीतरी डुबकन वाजलं.

आईबरोबरचा त्याचा एकच फोटो आता उरलाय. बंगळूरच्या घरात, भिंतीवर, कागदावरचा. आई खुर्चीत, शेजारी दिनेशन उभा, पायाशी छोटा सुदेवन.

परवा बायको सिंधू म्हणाली, "अहो, या काचेच्या आत पाणी कुठून शिरलं?"

फ्रेम उघडली, पुसली, गच्चीवर वाळवली, परत टांगली.

सकाळी पाणी पुन्हा होतंच. उभ्या दिनेशनच्या गुडघ्यापर्यंत.

बसलेल्या सुदेवनच्या हनुवटीला टेकलेलं.

कागदाला ना वायर, ना क्लाउड. इथे 'हो' कोणी दाबलं, हे सुदेवन अजून सगळ्यांना विचारतोय.