चार बोटं माया

"ही पत्रकं कुणी लिहिलीत?"

आवाज आला आणि मी ताडकन डोकं वर केलं. दुपारची बोट सुटली होती, धक्का रिकामा होता, आणि चौकशीच्या खिडकीमागे मी टेबलावर गाल टेकून पाच मिनिटं पडले होते. आदल्या रात्री चिमणीने मला चारदा उठवलं होतं. चिमणी म्हणजे माझी मुलगी, दीड वर्षाची. तिचे दात येत होते आणि माझा जीव जात होता. ती झाल्यापासून माझी झोप अशीच झाली आहे... डोळे मिटतात, पण एक कान जागाच राहतो.

खिडकीपलीकडच्या माणसाच्या गळ्यात मापाची टेप होती आणि हातात कपड्यांचा गठ्ठा. तो बोलायचं सोडून माझ्या गालाकडे बघत राहिला.

"रद्द," तो म्हणाला.

"काय?"

"तुमच्या गालावर. उलटं उमटलंय, पण 'रद्द'च आहे ते."

मी शिक्का मारलेल्या ओल्या तिकिटांवरच झोपले होते. घाईघाईने गाल पुसला. शाई आणखी पसरली असणार, कारण त्याने ओठ दाबून हसू आवरलं. मग गठ्ठ्यातल्या तीन फाटक्या बाह्या माझ्यापुढे मांडल्या.

"'नौकाविहारास येताना सैल कपडे घालावेत.' हे वाक्य तुमचं?"

"माझंच."

"मग या बाह्याही तुमच्याच. कठड्याच्या हुकात एक, लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात दोन. या आठवड्यातल्या. लोक बोटीवरून उतरतात ते थेट माझ्याकडे येतात. मी इथे जॅकेटं दुरुस्त करायला आलोय हो, लोकांच्या बाह्या जोडायला नाही."

तेव्हा मला कळलं, की हेच ते जिन्याखालच्या खोलीत बसणारे नवे शिंपी. जॅकेटं, बोटीवरचं छत आणि खलाशांचे गणवेश शिवायला महिनाभरासाठी आलेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"मग काय लिहू? घट्ट घाला? जेवल्यावर बटणं तुटली की परत तुमच्याकडेच येतील," मी म्हटलं. झोपमोड झाली की माझी जीभ जरा धारदार होते.

"सैल वेगळं आणि माया वेगळी, बाई."

"माया?"

त्यांनी एक बाही उलटी केली. "शिवणीच्या आत हे जादा कापड सोडतो ना आम्ही, त्याला माया म्हणतात. सैल कपडा बाहेर लोंबतो, कशात ना कशात अडकतो. माया आत दुमडलेली असते. दिसत नाही. पण उद्या माणूस भरला, तर उसवून कपडा मोठा करता येतो."

"आणि माणूस वाळला तर?"

त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकावर होता.

"तर शिंप्याने लक्ष ठेवायचं," ते म्हणाले, आणि बाह्या उचलून निघून गेले.

मला ते वाक्य फार आवडलं. मायेचं, म्हणजे शिवणीतल्या. मी त्याच दिवशी पत्रक नव्याने लिहिलं... 'कपडे अंगाबरोबर असावेत, मात्र माया दोन बोटं असावी.' साहेबांनी न वाचता सही केली. चारशे प्रती छापून आल्या.

आणि फोन सुरू झाले.

"अहो, ही माया कोण? तिला आम्ही आणायचंय की ती बोटीवरच भेटेल?"

"दोन बोटी लिहिल्यात, आमचं तिकीट तर एकाच बोटीचं आहे!"

एका आजोबांनी तर फारच हळू आवाजात विचारलं, "आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झालीत हो. माया तशी फारशी उरलेली नाही. चालेल का?"

"चालेल, आजोबा. स्वेटर मात्र आणा."

चौथ्या दिवशी साहेब खिडकीत आले. "बाई, आपल्या हजेरीपटावर कुणी माया नाही. मग ही पत्रकात कशी शिरली? आजच्या आज खोडा. चारशेच्या चारशे."

मी गठ्ठे उचलून जिन्याखाली नेले. चूक मास्तरांच्या शब्दाची होती, तर खोडायलाही त्यांनी यायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं... पण ते कळायला मला वेळ लागला.

त्या खोलीत नारिंगी जॅकेटं छतापर्यंत रचलेली होती. मास्तरांनी मशीन थांबवलं, आजोबांचा किस्सा ऐकला आणि हसता हसता तोंडातली टाचणी पडली. मग ती शोधण्यात दहा मिनिटं गेली. दोघं गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत होतो. टाचणी मला सापडली. मी ती त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांचं बोट माझ्या बोटाला लागलं, आणि मी उगाचच म्हटलं, "टोचली का?"

"नाही," ते म्हणाले. "अजून तरी नाही."

आजच्या आज काही जमलं नाही; आम्ही दोन दुपारी बसून माया खोडली. काळ्या पेनाने, चारशे वेळा.

"तुम्ही स्वतः बोटीवर काय घालून जाता?" त्यांनी मध्येच विचारलं.

"मी कधी गेलेच नाही."

त्यांचं पेन थांबलं. "लोकांना सांगता काय घालावं म्हणून, आणि..."

"तीन वर्षं झाली. दरवर्षी दोघांचा पास मिळतो, मी कुणाला तरी देऊन टाकते. चार तास कुठून आणू, मास्तर? घरी मुलगी, आई. मुलीचे बाबा दोन वर्षांपूर्वी वेगळे राहायला गेले, ती पोटात होती तेव्हा. ते आता कायमचेच वेगळे आहेत."

हे मी कुणाला इतक्या सहज सांगत नाही. मास्तर "अरेरे" म्हणाले नाहीत. त्यांनी एक पत्रक माझ्या गठ्ठ्यातून स्वतःच्या गठ्ठ्यात घेतलं. थोड्या वेळाने आणखी एक. माझा गठ्ठा माझ्या नकळत संपत आला.

त्यानंतर ते रोज खिडकीशी येऊ लागले. कधी माझ्या स्वेटरचं बटण सैल दिसलं म्हणून, कधी दोरा संपला म्हणून. मला दोरा कुठून मिळणार होता! मला ते आवडत होते. पण मला भीतीही वाटत होती. प्रेमाला ताकद लागते हो. सजायला, रुसायला, वाट बघायला... संध्याकाळी चिमणीला भरवून झालं की माझ्यात वेणी सोडण्याएवढीही ताकद उरत नसे. या थकलेल्या बाईकडून कुणाला काय मिळणार?

मग एका बुधवारी ते म्हणाले, "शनिवारी मी नदीच्या वरच्या अंगाला जातोय. वरच्या धक्क्यावर दोन महिन्यांचं काम आहे. तिथून पुढे... बघू, जिथे बोलावतील तिथे."

मी तिकिटं सारखी करत राहिले. ती सारखीच होती.

"दुपारच्या बोटीने जाईन. दोन तासांचा रस्ता. तुम्ही याल, वरपर्यंत? तीच बोट तुम्हाला परत आणून सोडेल."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "पण मी काय घालू?"

मास्तर इतके हसले, की रांगेतले लोकही हसायला लागले.

पण प्रश्न खराच होता. घरी कपाट उघडलं तर माझ्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या खांद्यावर एकच फिकट डाग. चिमणी तिथे डोकं टेकते, लाळ गाळते. आई दारात उभी राहून बघत होती.

"कोण गं हे मास्तर?"

"शिंपी आहेत, आई."

"ते ठाऊक आहे. हल्ली तुझी सगळी बटणं जागच्या जागी असतात, मला काय दिसत नाही होय? जा. चिमणीला मी बघते."

"अगं, पण तुझे गुडघे..."

"माझे गुडघे तुझ्या आधी तिने ओळखलेत. ती बरोबर माझ्याजवळ येऊन बसते. तू जा!"

शुक्रवारी मास्तरांनी खिडकीतून एक पुडकं सरकवलं. आत निळ्या कापडाचा कोट होता. गणवेशांच्या उरलेल्या कापडाचा, पण घालून पाहिला तर काय बसला होता! खांद्यापासून मनगटापर्यंत जणू माझ्याबरोबरच वाढला होता.

"माप कधी घेतलंत?"

"नजरेने. महिनाभर बघतोय ना." मग ते कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे... कामापुरतं."

मी कोट काढून उलटा केला. एव्हाना मलाही थोडं कळायला लागलं होतं. "मास्तर, चुकलं तुमचं. माया दोन बोटं ठेवतात ना? ही चार आहे."

"मोजलीत?"

"मोजली."

"मग चुकलेलं नाही," ते म्हणाले. मागून साहेबांची हाक आली म्हणून बरं झालं, नाहीतर मी काय बोलले असते कोण जाणे.

शनिवारी मी कोट घालून बोटीवर चढले. मनात एकच वाक्य घोकत होते... 'मास्तर, दोन महिन्यांनी परत इकडेच या.' एवढंच. वरचा धक्का यायच्या आत म्हणायचं. मग ते उतरतील, आणि पुढे कुठे जातील कुणास ठाऊक.

त्यांची पेटी आणि मशीन आमच्या पायाशी होतं. आम्ही मागच्या बाकावर बसलो. ऊन कोवळं होतं, इंजिन घुंघुं करत होतं, पाणी बोटीच्या कडेला सारखं काहीतरी पुटपुटत होतं. मास्तर काठावरच्या झाडांविषयी काही सांगत होते. मी म्हटलं, हे वाक्य संपू दे, मग बोलू...

जाग आली तेव्हा समोर धक्का होता. पांढरा खांब, चौकशीची खिडकी, खिडकीवर माझ्याच अक्षरातली पाटी.

माझीच खिडकी. माझाच धक्का!

चार तास. मी जाताना झोपले, येताना झोपले. वरचा धक्का आला आणि गेला, मास्तर उतरले असतील, त्यांनी निरोप घेतला असेल आणि मी घोरत असेन. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला नदीवर नेलं आणि मी... डोळे भरून आले. ते पुसायला हात वर केला, तेव्हा लक्षात आलं, की माझं डोकं कशावर तरी टेकलेलं आहे.

"उठलात?" तो खांदा म्हणाला.

मी झटकन बाजूला झाले. मास्तर! पेटी आणि मशीन अजूनही आमच्या पायाशीच.

"तुम्ही... तुम्ही उतरला नाहीत?"

"उतरणार होतो. खांदा मोकळा नव्हता."

"अहो, उठवायचं ना मला!"

"दोनदा ठरवलं. धक्क्यावर मुकादम उभे होते माझ्यासाठी. मी इथूनच त्यांना हाताने खुणा केल्या, उद्या येतो म्हणून. त्यांना काय कळलं देव जाणे, तेही हात हलवून निघून गेले." ते खांदा चोळत होते. हाताला मुंग्या आलेल्या दिसत होत्या. "तुम्हाला एवढं गाढ झोपलेलं बघून... नाही झालं माझ्याच्याने."

लोक उतरायला लागले होते. आता नाही बोलले तर कधीच नाही. मी श्वास घेतला आणि घोकलेलं वाक्य साफ विसरले.

"मास्तर, दोन वर्षांत मी कुणाजवळ झोपले नाही!"

पुढच्या बाकावरच्या बाईंनी मान वळवली. मास्तरांनी खोकल्यासारखं केलं.

"तसं नाही म्हणायचं मला!" माझा कोट मला अचानक फार गरम व्हायला लागला. "म्हणजे... अशी झोपले नाही. दोन्ही कान मिटून. घरी, खिडकीत, कुठेही असले तरी एक कान जागा असतो. चिमणी रडेल, आई हाक मारेल, कुणीतरी काहीतरी मागेल. आज मला काही ऐकू आलं नाही. बोट थांबलेली कळली नाही. तुमच्या शेजारी बसले आणि... मला कळलंच नाही की मी निर्धास्त झाले. मला तुम्हाला सांगायचं होतं की परत या. मी जागेपणी सांगणार होते. पण मी फार दमलेली असते हो, मास्तर. नेहमीच. तुम्हाला हे आधीच कळलेलं बरं. माझ्याजवळ द्यायला बाकी फारसं काही नाही."

बोट रिकामी झाली. मास्तर वाकून पायाशी असलेली पेटी उगाचच सरळ करत राहिले. मला वाटलं, संपलं.

"मी चार तास बसून शब्द जुळवत होतो," ते म्हणाले. "आणि तुम्ही झोपेत सांगून मोकळ्या झालात."

मला हसू आलं आणि रडूही.

"उद्या वर जातो. काम घेतलंय, करायला हवं. पण शनिवारी सकाळी वरून एक बोट खाली येते, आणि दुपारी ही वर जाते. मी सकाळी तुम्हाला न्यायला येत जाईन. दर शनिवारी."

"आणि चिमणी?"

"तिलाही आणा. तिच्याशिवाय कसं?"

"तुम्हाला कल्पना नाही, मास्तर. ती एक मिनिट बसणार नाही. कठड्यावर चढेल, तुमची टेप चावेल, सगळ्यांचे बूट गोळा करेल."

"मी धावेन तिच्यामागे."

"आणि मी काय करू?"

त्यांनी वाऱ्याने उघडलेली माझ्या कोटाची कॉलर हलकेच नीट केली. मग हात तिथेच ठेवला.

"तू झोप," ते म्हणाले. "मी आहे ना जागा."