एक्केचाळिसावी वही

"एक्केचाळीस नंबरची वही दिसत नाही. कुठे आहे?"

बावीस वर्षांनी धाकटा तिच्याशी बोलला ते हे एवढंच, आणि ते ऐकून ताईने त्याच्यासाठी भरलेला चहाचा कप टेबलावर ठेवून दिला. तो दारातच उभा होता... कडक इस्त्रीचा शर्ट, हातात याद्यांची फाईल, आणि कानशिलांवर पांढरे झालेले केस. हे केस कधी पांढरे झाले, ते तिला कुणी कळवलं नव्हतं.

रेल्वे फाटकाजवळची ती एकुलती खोली. एक खाट, एक पेटी, भिंतीवर टेलिफोन, आणि फळीवर ओळीने लावलेल्या नोंदवह्या. वर्षाला एक वही. पहिल्या एकतीस वह्या वडिलांच्या हातच्या, पुढच्या तिच्या. आजची त्रेसष्टावी टेबलावर उघडी होती, आणि ती कधीच भरणार नव्हती. कारण चार एकतीसची गाडी गेली की ही लाइन कायमची बंद होणार होती. उद्यापासून रूळ उखडायला माणसं येणार होती, आणि त्याआधी इथल्या सगळ्या सामानाची मोजदाद करायला रेल्वेच्या भांडारातल्या ज्या कारकुनाला पाठवलं होतं, तो नेमका तिचा सख्खा भाऊ होता.

"त्या वहीला वाळवी लागली होती," ताई म्हणाली. "टाकून दिली."

"बाकी साऱ्या सोडून वाळवीला तेवढी एकच आवडली?"

"वाळवी काय विचारून लागते?"

तो हसला नाही. चहाकडेही त्याने पाहिलं नाही. "मग मला तसं लिहावं लागेल. नोंदवही गहाळ, जबाबदार फाटकवाली. तुमच्या सेवापुस्तकात ते कायमचं राहील. तुम्हाला चालेल?"

तुम्ही... तुम्हाला. ज्याला तिने कडेवर घेऊन ह्याच रुळांवरून जाणाऱ्या डब्यांची मोजणी शिकवली, तो तिला तुम्ही म्हणत होता. बत्तीस वर्षांत तिच्या नावावर एक ठपका नव्हता, वहीत एक खाडाखोड नव्हती. गावातली माणसं गमतीने म्हणत की ताईचं रजिस्टर बघून सूर्य उगवतो. तिने एकदा त्या फळीकडे पाहिलं, चाळीस आणि बेचाळीसच्या मधल्या फटीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "लिही. सही कुठे करायची?"

तिने वळणदार अक्षरात सही केली.

वडील गेले तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि धाकटा सात. वडिलांच्या जागी तिला नोकरी मिळाली, आणि हिरवं-लाल निशाण हातात आलं. पुढच्या स्टेशनावरच्या एका शिक्षकाने तिला मागणी घातली होती. माणूस चांगला होता, पण आई आजारी, भाऊ लहान, म्हणून तिने नाही म्हटलं आणि तो विषय मनातूनही पुसून टाकला. धाकट्याला शिकवायचं, एवढं एकच तिने धरून ठेवलं होतं. आणि मग तो दिवस आला...

त्या दिवशी सकाळी आईचा ताप उतरेना. आईचं घर गावात होतं आणि दवाखाना फाटकाच्या पलीकडे. ताईला कामावर यावंच लागणार होतं. तिने सतरा वर्षांच्या भावाला बजावलं, "दहाच्या आत जीप बघ आणि आईला घेऊन ये. मी फाटकावर वाट बघते." दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. फाटक सोडून तिला जाता येईना. चारनंतर फोनची घंटा झाली, मागच्या स्टेशनातून गाडी सुटली, तिने फाटक पाडलं, आणि बारा मिनिटांनी जीप आली.

"ताई, उघड. आई बेशुद्ध पडलीय."

गाडी यायला नऊ मिनिटं होती. तिने, जिने नियमाबाहेर कधी एक पाऊल टाकलं नव्हतं तिने, धावत जाऊन फाटक वर घ्यायचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं... आणि फिरवण्याआधी एकदा आईकडे पाहावं म्हणून ती जीपपाशी गेली. आईचे पाय हातात घेतले. ते गार होते. नुसते गार नव्हते, ताठ होऊ लागले होते. मग तिची नजर भावाकडे गेली. त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर मैदानाची लाल माती होती.

तेवढ्या एका क्षणात तिला सगळं समजलं. ती पुन्हा हँडलपाशी गेली, पण हात लावला नाही. नुसती उभी राहिली.

"उघडत का नाहीस? ताई, आई मरेल."

"गाडी येतेय. उघडणार नाही."

दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. धाकट्याने ते थोडं म्हणजे फाटकावरची नऊ मिनिटं धरली. हँडल धरलेले ताईचे हात त्याने पाहिले होते, सोडलेलेही पाहिले होते. नोकरी जाईल म्हणून घाबरली, आईपेक्षा हिला फाटक मोठं... असं सगळ्या नातेवाइकांसमोर ओरडून तो जो वसतिगृहात गेला तो परत आला नाही. तीही एका शब्दाने बोलली नाही. नऊ मिनिटांचा भार तिला उचलता येणार होता. सहा तासांचा त्याला उचलता आला नसता.

"ताई, आहात का?" चहाच्या टपरीवाल्याने दारातून डोकं आत घातलं आणि ती भानावर आली. फाटकाशेजारी त्याची तीस वर्षांची टपरी. "उरलेलं दूध घ्या. उद्यापासून इथे कोण थांबणार चहाला? फाटक आहे म्हणून माणूस थांबतो, थांबतो म्हणून चहा पितो. आता शिट्टी मारायला माझी किटलीच राहिली."

"तू काय करणार पुढे?"

"बघू. बायको म्हणते मोठ्या रस्त्यावर चला. तिथे म्हणे गाड्या थांबतच नाहीत." तो हसला, पण हसू काही टिकलं नाही. "शाळेच्या बाईंनी बदली मागितली, कळलं का? गाडी नाही तर येणार कशा. दूधवाल्या बायका तर सकाळपासून रडतायत. त्यांच्या कॅन डोक्यावर घेऊन आठ मैल कोण चालणार?" मग त्याची नजर धाकट्याकडे गेली. त्याने ओळखलं असावं. बाटली उंबऱ्यावर ठेवून तो मुकाट्याने निघून गेला.

धाकट्याने यादी पुढे सरकवली. खाट, खुर्ची, टेलिफोन, दोन निशाणं, एक कंदील. "ती पेटी?"

"ती माझी आहे."

"आत काय आहे ते बघून लिहावं लागतं. रेल्वेचं काय, तुमचं काय."

"कपडे आहेत."

"मग उघडा."

"पेटी राहू दे, बाळा." तिच्या तोंडून ते नाव निघून गेलं. "हवं तर अजून दोन वस्तू गहाळ लिही. पण पेटी राहू दे."

त्याच्या कपाळावर आठी पडली. वह्यांच्या बाबतीत खोटं बोलणारी बाई पेटी उघडू देत नाही, म्हणजे आत काय असेल याचा कोणताही कारकून जो हिशेब करील तोच त्याने केला असणार. तो पेटीकडे वळला, ती पेटीच्या आड येऊन उभी राहिली, आणि नेमकी तेव्हाच भिंतीवरची घंटा वाजली.

मागच्या स्टेशनातून शेवटची गाडी सुटली होती.

ताईने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा दाराबाहेर. रस्त्यावर माणसं येत-जात होती, शाळा सुटलेली होती. बत्तीस वर्षांत घंटा झाल्यावर ती कधी तीन श्वासांहून जास्त वेळ थांबली नव्हती. आज ती पाच श्वास थांबली. मग फोन उचलून "फाटक बंद करते" म्हणाली, खुंटीवरचं हिरवं निशाण घेतलं, आणि पेटी तशीच सोडून बाहेर पडली.

हँडल फिरवताना तिला आपल्या पाठीमागे पेटीची कडी वाजलेली ऐकू आली.

दोन्ही बाजूंना माणसं जमली. दूधवाल्या बायका रिकाम्या कॅनवर बसल्या. एका मोटरसायकलवाल्याने मान वाकडी केली. "ताई, आज तरी खालून जाऊ द्या. शेवटची तर गाडी."

"शेवटच्या गाडीखाली माणूस मरत नाही असं कुणी सांगितलं तुला?"

गाडी आली. दोनच डबे, खिडक्या-खिडक्यांतून हात बाहेर. इंजिनाच्या ड्रायव्हरने लांबूनच शिट्टी धरली ती सोडलीच नाही, आणि तिच्यासमोरून जाताना त्याने डोक्यावरची टोपी काढली. ताई निशाण धरून उभी राहिली, जशी रोज राहायची तशी, डबे संपेपर्यंत, मागचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत. मग तिने निशाण गुंडाळलं आणि वळली.

धाकटा तिच्या मागे उभा होता. त्याच्या हातावर आईचं निळं लुगडं होतं, ज्यात ती वही गुंडाळलेली असायची, आणि वही उघडी होती. ते पान तिला पाहायचीही गरज नव्हती. तिच्याच हाताने तिने ते त्या संध्याकाळी लिहिलं होतं, कारण फाटकावर अडलेल्या आजाऱ्याची नोंद करावीच लागे, आणि नोंदवहीत खोटं लिहायला ती शिकलीच नव्हती.

*चार दहा, फाटक बंद. चार बावीस, जीप आली, आत आजारी बाई. उघडण्यासाठी हँडल धरले. पाहिले असता बाई मयत, हातपाय गार व ताठ. हँडल सोडले. चार एकतीस, गाडी गेली. चार तेहतीस, फाटक उघडले. मयत बाई माझी आई.*

"ताई..." तो म्हणाला.

बावीस वर्षं ज्या हाकेची तिने वाट पाहिली ती अशी आली, तेव्हा तिला ती नको झाली. ती घाईघाईने म्हणाली, "ती नोंद चुकीची आहे. गडबडीत लिहिली. आई जिवंत होती. मी फाटक उघडायला हवं होतं, चूक माझीच होती. तू म्हणत होतास तेच खरं."

"तू कधी चुकीची नोंद केलीस?"

"केली. ती एकच."

"मग खोडली का नाहीस? जाळली का नाहीस?"

आईची शेवटची वेळ जगात दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती, हे तिला सांगता आलं असतं... पण तसं सांगितलं असतं तर नोंद खरी ठरली असती.

"माझ्या गुडघ्यांना माती होती," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज सतरा वर्षांच्या मुलासारखा झाला होता. "तू बघितली होतीस ना? अंतिम सामना होता. मला वाटलं तासाभरात संपेल. जिंकलो आम्ही, ताई... जिंकल्यावर दोन तास मिरवत होतो. आई घरात एकटी होती आणि मी मिरवत होतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही."

"सतरा वर्षांचा होतास रे."

"मला आतून ठाऊक होतं. पण तुझं फाटक होतं. रोज उठून तुझा राग करायचो, म्हणून बाकीचं आठवायची वेळ यायची नाही. त्या रागावर जगलो मी."

"म्हणून तर करू दिला," ताई म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण कबूल करून बसलो.

धाकटा खाली रुळाशेजारच्या खडीवरच बसला. लुगड्यात तोंड खुपसून तो असा रडला की दूधवाल्या बायकांनी माना वळवल्या. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पांढऱ्या केसांवरून हात फिरवताना तिला हुंदका आवरेना.

"मुलगी नऊ वर्षांची आहे माझी," तो तसाच म्हणाला. "तिला आत्या आहे हे मी तिला सांगितलेलं नाही."

नऊ वर्षं. त्या पोरीचं बारसं, पहिलं पाऊल, शाळेचा पहिला दिवस, सगळं या फाटकाच्या पलीकडून निघून गेलं होतं.

"ताई, गाडी कधीच गेली," मोटरसायकलवाला हळूच म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात घाई नव्हती.

तिने हँडल धरलं. तिच्या हातांवर धाकट्याने आपले हात ठेवले, आणि दोघांनी मिळून ते फिरवलं. दांडा कुरकुरत वर गेला. माणसं रूळ ओलांडू लागली. ओलांडताना सगळ्यांनी सवयीने दोन्हीकडे पाहिलं.

खोलीत आल्यावर धाकट्याने फाईल उघडली. "तो ठपका मी खोडतो. वही सापडली असं लिहितो."

"नको. सापडली म्हटलं तर बाकीच्यांबरोबर तिचीही रद्दी होईल," ताई म्हणाली. "गहाळच राहू दे. मी सही केलीय." तिने वही लुगड्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. पोरगी मोठी झाली की वाचायला दे. आत्याचं अक्षर आहे म्हणून सांग."

"तूच सांग. आजच चल."

"चलते," ती म्हणाली. "एवढी नोंद करते आणि चलते."

ती टेबलापाशी बसली. बत्तीस वर्षांत गाडी गेल्यावर फाटक उघडायला तिला दोन मिनिटांहून जास्त कधी लागली नव्हती, आणि आज तेरा लागली होती. उशिराचं कारण लिहायचा जो रकाना आजवर रिकामाच राहिला होता, त्यात तिने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं...

*चार एकतीस, शेवटची गाडी गेली. चार चव्वेचाळीस, फाटक उघडले. अकरा मिनिटे उशीर. कारण, भाऊ आला होता.*

खाली अजून अर्धं पान कोरं होतं. शाई वाळेपर्यंत ती त्या कोऱ्या जागेकडे पाहत बसली, मग वही मिटली आणि फळीवर बासष्टच्या शेजारी लावून दिली.